खोली एकाची, राहणारा दुसराच!

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की बुलडाणा, चिखली, खामगाव, शेगाव येथे शिकणारी आपली मुले वळकट्या बांधून गावी परततात. खोलीला कुलूप लागते, पण भाडे काही थांबत नाही. दोन महिने रिकाम्या खोलीचे भाडे भरायचे, तर मजुरी करणाऱ्या आईबापाला ते परवडत नाही. नेमक्या याच दिवसांत दुसरी मुले शहरात येतात. कोणाला पोलीस भरतीचा सराव करायचा असतो, कोणाला टायपिंगची परीक्षा द्यायची असते. त्यांना दोनच महिन्यांची खोली हवी असते. मग एक मित्र दुसऱ्याच्या हातावर किल्ली ठेवतो, "तू राहा, भाडे तू भर." यात वाईट ते काय? आम्हालाही तसेच वाटत होते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र डोळे उघडले. मेहकर तालुक्यातील एका मुलाने बुलडाण्यातील आपली खोली अशीच मित्राला दिली होती. घरमालकाला काही सांगितले नव्हते. पंधरा दिवसांनी मालकाने अनोळखी मुलगा पाहिला आणि तो सरावाला गेला असताना दाराला आपले कुलूप ठोकले. मुलाची मूळ गुणपत्रके, जातीचा दाखला, भरतीचे प्रवेशपत्र सारे आत. मैदानी चाचणी तिसऱ्या दिवशी! आम्ही व आणखी दोघे कार्यकर्ते रात्री मालकाकडे गेलो. पुष्कळ बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद हाती आले. अनामत रक्कम अर्धीच परत मिळाली. करार लेखी नव्हता, पावती नव्हती. भांडायचे कशाच्या बळावर?

आम्ही त्या मुलाला रागावलो, "अरे, मालकाला एक शब्द विचारला असतास तर काय बिघडले असते?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, खोली घेताना त्यांनी आडनाव विचारले होते. मी नुसते नाव सांगून विषय बदलला. आता मित्राला न्यायचे तर पुन्हा आडनाव निघाले असते."

यावर आमच्याजवळ लगेच उत्तर नव्हते.

आपल्या वाचकांना बडोद्याची हकीकत ठाऊक आहे. १९१७ साली परदेशातील शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणाले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. एवढा विद्वान माणूस त्या दिवशी बागेत जाऊन बसला व रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. दुसऱ्याच्या नावावर मिळालेला निवारा किती दिवसांचा, हे यावरून समजावे. खोटे न बोलण्याचे शील आपण रोज घेतो. तरीही नाव लपवणाऱ्या मुलाला आम्ही दोष देणार नाही. नाव ऐकून दार लावणारा खरा दोषी. पण नाव लपवले की हक्कही लपतो, एवढे मुलांनी ध्यानात घ्यावे.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २६ प्रमाणे करारात मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने देता येत नाही. तशी दिल्यास कलम १६ खाली मालक जागा खाली करून मागू शकतो. परंतु त्यासाठी त्यालाही कोर्टात जावे लागते. परस्पर कुलूप लावणे हा मार्ग नव्हे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा तर नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ प्रमाणे गुन्हाच आहे.

कागदाचे दुसरेही महत्त्व आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. सुरुवातीला आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरले होते. त्यात निवासासाठी १२,०००, म्हणजे महिन्याला हजार रुपये. या योजनेच्या अर्जासोबत भाडेकरारनामा मागतात. दुसऱ्याच्या नावावर राहणारा तो कोठून आणणार?

म्हणून पालकांनी व मुलांनी काही गोष्टी पाळाव्यात. खोली घेतानाच करार लेखी करावा व उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचे काय, ते त्यातच लिहून घ्यावे. शक्य असल्यास करार परीक्षा संपेपर्यंतचाच करावा. मित्राला ठेवायचे असेल तर मालकाची परवानगी चार ओळींत, सहीनिशी घ्यावी: कोण राहणार, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, वीजबिल कोण भरणार. किल्ली देताना मीटरचा आकडा दोघांनी लिहून ठेवावा. भाड्याची पावती घ्यावी. मित्राकडून एक रुपयाही जास्त घेऊ नये. सर्वांत उत्तम म्हणजे मालकानेच नव्या मुलाशी दोन महिन्यांचा वेगळा करार करावा. मूळ दाखले मात्र कधीही परक्या खोलीत एकटे ठेवू नयेत.

शेवटी आपल्याच घराकडे पाहू. आज बुलडाणा, चिखली, मलकापूरला आपल्या समाजबांधवांची पक्की घरे उभी आहेत. त्यांत भाड्याच्या खोल्याही आहेत. पण दारात विद्यार्थी आला की आपणही म्हणतो, "नोकरदार फॅमिली पाहिजे." हे कितपत योग्य? प्रत्येक बुद्धविहार समितीने एक साधी वही ठेवावी. एका पानावर मे-जूनमध्ये रिकाम्या होणाऱ्या खोल्या, दुसऱ्या पानावर खोली हवी असलेली मुले-मुली. वहीला खर्च काही नाही.

त्या मुलाने नंतर मैदानी चाचणी दिली. थोड्या गुणांनी राहिला. यंदा तो पुन्हा सरावाला येणार आहे. त्याच्यासाठी विहाराजवळच एक खोली पाहिली आहे. करारावर त्याचे पूर्ण नाव लिहिले आहे, आडनावासहित.

जय भीम!