ट्रॉलीच्या मागचा दिवा बघितला का?

ऊस वाहतूक सुरू होतेय. टायर, पाटे, हुक सगळं तपासून होतं, मागचा दिवा तेवढा राहतो.

हिशोब करा. भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललाय, मागून गाडी ८० ने येतेय. दर सेकंदाला अंतर जवळपास १७ मीटरने तुटतं. तुम्ही ५० मीटरवर दिसलात, तर त्या ड्रायव्हरच्या हातात तीनच सेकंद!

कॅबिनवर पिवळा फिरता दिवा लावता, चांगलंय. (लाल-निळा नको, तो पोलीस-ॲम्ब्युलन्सचा.) पण उसाच्या ढिगाआड तो मागून दिसतच नाही. म्हणून खरा उजेड शेवटच्या ट्रॉलीच्या मागे हवा. वाढे खाली लोंबून दिवा झाकत असतील तर निघण्याआधी कोयत्याने छाटा.

दिवा १२ व्होल्टचा एलईडी घ्या, आयपी ६७ लिहिलेला. धूळ-पाणी आत जात नाही. साधे २१ वॅटचे चार इंडिकेटर एकदम लावले तर सात अँपिअर करंट ओढतात, इंजिन बंद असेल तर बॅटरी बसते. एलईडीला त्यामानाने फारच कमी लागतो. मात्र एलईडी टाकल्यावर इंडिकेटर भराभर मिचकायला लागला, तर दिवा परत करायला पळू नका. जुना फ्लॅशर काढून एलईडीचा बसवा.

इंडिकेटर लावला की टेललाइटही मिचकते? बहुतेक वेळा अर्थ ढिली असते. हुकाच्या भरवशावर राहू नका, अर्थची वेगळी वायर ओढा. सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर पॉलिश पेपरने घासून व्हॅसलिन लावा. फ्यूज उडाला म्हणून तांब्याची तार गुंडाळू नका, वायरिंग पेटतं.

रेडियम मागे लाल, बाजूला पिवळं, पुढे पांढरं. गंज-धूळ पुसूनच चिकटवा, रोज फडकं मारा. लाल ऑइलपेंटचा पट्टा रात्री चमकत नाही, तो रेडियमच्या जागी चालत नाही.

आणि एक. पाटा तुटून रस्त्यात थांबलात तर ट्रॉली जमेल तितकी कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू ठेवा, रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे लांबवर ठेवा. चाकाला लावलेले दगड निघताना स्वतःच्या हाताने उचलून टाका. अंधारात मोटारसायकलवाला त्यावरच जातो, आणि तो आपल्याच गावचा असतो.