कंडेन्सर मायक्रोफोन : दोषनिदान व घरगुती दुरुस्ती

ध्वनिमुद्रणासाठी वापरण्यात येणारा कंडेन्सर मायक्रोफोन बिघडला म्हणजे तो उघडून पाहण्याकडे साहजिकच प्रवृत्ती होते. परंतु या उपकरणाचा विशेष असा की, त्याच्या अंतर्भागातील सर्वांत नाजूक स्थानी नेहमीची मोजमापे फसवी ठरतात आणि निर्दोष भागच सदोष समजून काढून टाकला जाण्याचा संभव असतो.

ई. सी. वेंट यांनी १९१६ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत सिद्ध केलेल्या या मायक्रोफोनाचे मूलतत्त्व आजही तेच आहे. ताणून बसविलेले अत्यंत पातळ, धातुलेपित पटल आणि त्यामागील स्थिर पट्टिका यांचे मिळून एक धारित्र बनते. त्यावरील विद्युत् भार कायम राखला असता पटलाच्या कंपनांनुसार दाब बदलतो. हा बदल म्हणजेच ध्वनीचे विद्युत् रूप होय. या धारित्राची धारिता अवघी ५० पिकोफॅरडच्या आसपास असते. एवढा अल्प भार निसटू नये म्हणून त्यास ध्रुवणदाब सुमारे १,००० मेगओहम रोधकातून दिला जातो. दोषांचे व निदानातील चुकांचेही मूळ बहुधा याच आकड्यात सापडते.

उदाहरणार्थ, ध्रुवणदाब ६० व्होल्ट असावयास हवा असे समजू. सर्वसाधारण अंकदर्शी मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो. तो धारित्राच्या टोकांस लावताच दाबाची विभागणी होऊन मापकावर जेमतेम ०·६ व्होल्ट दिसतो. मायक्रोफोन मात्र पूर्णपणे निर्दोष असू शकतो! ध्रुवणदाब मोजावयाचा तो रोधकाच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूस. खुद्द रोधकाचेही मापन अशा मापकाने होत नाही. मापनकक्षेबाहेरचे मूल्य आणि तुटलेला रोधक ही दोन्ही त्यावर सारखीच दिसतात.

हाच हिशेब आर्द्रतेच्या बाबतीत उलट बाजूने लागू पडतो. धूळ, बोटांचा स्निग्धांश किंवा डाख देताना उरलेला राळेचा थर बाष्प शोषून घेतो व निरोधकाच्या पृष्ठभागावरून गळती सुरू होते. ही गळती १०० मेगओहम इतक्या मोठ्या रोधातून होत असली तरी ६० व्होल्टांपैकी केवळ साडेपाच व्होल्ट शिल्लक राहतात आणि आवाज क्षीण होतो. गळती अस्थिर असेल तर तडतड ऐकू येते. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत हा दोष सहज बळावतो. सिलिका जेलसह बंद डब्यात मायक्रोफोन रात्रभर ठेवल्याने तडतड थांबली, तर कारण बाष्प होय हे जवळजवळ निश्चित समजावे. दमट हवेत ती पुन्हा उद्भवली तर पृष्ठभागावर मळ साचलेला आहे.

तथापि, आवरण उघडण्यापूर्वी तार व पुरवठा तपासणे अगत्याचे आहे. त्यासाठी प्रथम तार बदलून पाहावी. फँटम पुरवठ्यात दुसऱ्या व तिसऱ्या खुंटीवर, पहिलीच्या सापेक्ष, मायक्रोफोन न जोडता सुमारे ४८ व्होल्ट मिळावयास हवेत. हा दाब प्रत्येक खुंटीस ६·८ किलोओहम रोधकातून पोहोचतो. त्यामुळे मायक्रोफोन जोडल्यावर तो उतरणे हा दोष नव्हे, किंबहुना ते उपयुक्त मापनच आहे. दाब ३४·४ व्होल्टांवर आला तर प्रत्येक तारेतून २ मिलिअँपिअर प्रवाह जात आहे, असे गणिताने कळते. दाब मुळीच उतरला नाही तर प्रवाहमार्ग खंडित आहे. दोन खुंट्यांवरील आकड्यांत मोठी तफावत आढळली तर एका बाजूचे मंडल संशयास्पद ठरते.

यानंतरही दोष राहिला तर पटलसंच आणि विवर्धक यांपैकी दोषी कोण हे ठरवावे. पटलसंच सोडवून त्याच्या जागी ४७ पिकोफॅरडचे साधे धारित्र जोडावे व धातूचे आवरण परत बसवून ऐकावे. उघड्या मंडलात बाहेरची गुणगुण शिरते आणि तिलाच दोष मानण्याची चूक होते. तडतड कायम राहिली तर विवर्धक, नाहीशी झाली तर पटलसंच.

विवर्धकातील शुष्क झालेली विद्युत्-अपघटनी धारित्रे बदलणे किंवा सुटलेला डाख पुन्हा देणे घरी शक्य आहे. मात्र पॉलिस्टायरीन धारित्रे उष्णतेने लवकर बिघडतात, तेव्हा डाखणीचा स्पर्श अल्पकाळच असावा. काम झाल्यावर उच्चरोधी भागातील निरोधक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत व पूर्ण वाळू द्यावेत. त्यांस पुन्हा उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. पटलास मात्र हात लावू नये. त्यावरील सोन्याचा मुलामा इतका विरळ असतो की कापसाच्या बोळ्यानेही तो निघून जाऊ शकतो. पटल मळलेले किंवा फाटलेले असेल तर ते काम तज्ज्ञाकडेच सोपवावे. निर्वात नलिकांच्या जुन्या मायक्रोफोनांतही घरगुती प्रयोग टाळावेत, कारण त्यांच्या पुरवठ्यातील दाब १०० व्होल्टांहून अधिक असतो व वीज बंद केल्यावरही धारित्रांत काही काळ टिकून राहतो.