कुत्र्याचे फिरणे आणि येऊरचे जंगल

पाळलेला कुत्रा घेऊन मोकळ्यावर फिरायचे, तर ठाणेकराची पावले उपवनावरून येऊरच्या चढाकडे वळतात आणि डोंबिवलीकराची उंबार्लीच्या टेकडीकडे किंवा शहराच्या कडेला उरलेल्या भातखाचरांकडे. यात चैन नाही. सदनिकेत वाढणाऱ्या कुत्र्याला रोज भरपूर चालणे आणि माती हुंगणे लागतेच. मात्र बाग, शेत आणि जंगल आपल्याला सारखेच हिरवे दिसले, तरी कुत्र्याच्या जाण्याचे परिणाम तिन्ही ठिकाणी वेगळे होतात. म्हणून त्याला बागेत हक्काची जागा द्यावी, शेतात शेतकऱ्याला विचारून पट्ट्यावर न्यावे आणि जंगलात मुळीच नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात या उद्यानात आणि त्याच्या परिसरात 35 बिबटे नोंदले गेले आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचेही आढळले. पहाटे किंवा तिन्हीसांजेला कुत्रा घेऊन तिथे जाणारा माणूस बिबट्याचे भक्ष्यच हाताशी धरून चालत असतो. त्याहून मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत 1994 मध्ये डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या साथीने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले आणि अभ्यासकांचा माग भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांपर्यंत पोहोचला. गीरमध्ये 2018 साली वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पशुधनाला लसीकरण करण्याची तरतूद आहे आणि ती राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. पण पशुधनाच्या व्याख्येत गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, अगदी बदकेही असताना कुत्र्याचे नाव नाही. ज्या प्राण्याकडून बिबट्याला हा रोग होण्याची भीती, तोच यादीबाहेर राहिला आहे.

पट्ट्यावरचा कुत्रा काय बिघडवणार, असे विचारले जाते. पट्ट्याने त्याचे धावणे थांबते. त्याची विष्ठा, लघवी आणि त्यांतून पसरू शकणारे रोगजंतू थांबत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: येऊरच्या आदिवासी पाड्यांत कुत्री आहेत, भटकी तर किती तरी, मग बंधन पाळीव कुत्र्याच्या मालकावरच का? पाड्यावरचा कुत्रा घराची राखण करतो, त्याला तिथून हलवणे अन्यायाचे होईल. त्याच्यापर्यंत लस नेणे हाच उपाय आहे आणि ती जबाबदारी वनविभाग व महापालिकेने मिळून उचलावी. शहरातून गाडीत बसून येणाऱ्या कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याचे येणे टाळता येते, म्हणून ते टाळावे.

शेताचा प्रश्न तुलनेने सोपा. उभ्या भातात कुत्रा शिरला तर नुकसान शेतकऱ्याचे होते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा कुत्र्यालाही होते आणि माणसालाही. कापणीनंतर मात्र, विचारून गेल्यास, बांधावरून फिरायला हरकत नसावी. उंबार्लीसारख्या माळावर टिटवी थेट जमिनीवर अंडी घालते, तेव्हा तिथे विणीच्या महिन्यांत कुत्रा मोकळा सोडू नये.

राहिली बाग. बहुतेक बागांच्या फाटकावर कुत्र्यांना मनाईची पाटी असते. लहान मुलांची सुरक्षितता आणि स्वच्छता ही कारणे खरीच आहेत, पण निव्वळ मनाईने कुत्रे फिरायचे थांबत नाहीत. ते रस्त्यावर किंवा जंगलात जातात. हैदराबादच्या महापालिकेने 2018 मध्ये कोंडापूरला कचऱ्याच्या जागेवर कुत्र्यांसाठी स्वतंत्र बाग उभी केली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी निदान एकेका मोठ्या उद्यानात कुंपण घातलेला कोपरा राखून ठेवावा आणि परवाना देताना रेबीजबरोबर डिस्टेंपरच्या लसीचाही दाखला मागावा. पालिकांनी हे करेपर्यंत कुत्रा पाळणाऱ्यांनी एवढे तरी करावे: त्याच्या लसी वेळेवर द्याव्यात आणि त्याला घेऊन येऊरचा चढ चढू नये.