न वाचलेले : १०००+

गूगल रीडरच्या डाव्या पट्टीत आपण निवडलेल्या संकेतस्थळांची नावं असत आणि प्रत्येक नावापुढे कंसात एक आकडा. तिथे नवं आलेलं, पण आपण अजून न पाहिलेलं किती, ते सांगणारा. हजारापुढे यंत्र मोजणं सोडून देई आणि नुसतं '१०००+' दाखवी. लग्नकार्यासाठी आठवडाभर गावी जाऊन आलेल्या माणसाला ते पाहून धडकी भरायची. उपाय एकच होता. एक बटण दाबायचं आणि सगळं वाचलं असं जाहीर करून टाकायचं. त्यात कुणालाच वावगं वाटत नसे, कारण उद्या आकडा परत चढणार याची खात्री होती. हे यंत्र १ जुलै २०१३ रोजी गूगलने चालत्या स्थितीत बंद केलं, आणि त्याच्या वाचकांची त्या उन्हाळ्यात जी धावपळ झाली तशी एखाद्या संगणकीय सोयीसाठी क्वचितच झाली असेल.

आज 'फीड' म्हटलं की फेसबुकची किंवा इन्स्टाग्रामची कधीच न संपणारी पट्टी डोळ्यांपुढे येते. मूळ फीड मात्र फार साधी वस्तू आहे. वर्तमानपत्र असो की कुणाचा घरगुती ब्लॉग, ते आपल्या ताज्या दहा-वीस मजकुरांची एक फाईल ठराविक पत्त्यावर ठेवतात. प्रत्येक नोंदीत शीर्षक, दुवा, तारीख-वेळ आणि मजकूर किंवा त्याचा सारांश. शिवाय एक कायमची ओळखखूण, म्हणजे ही नोंद आधी येऊन गेली की नाही ते यंत्राला कळावं. गूगल रीडरसारखा रीडर ठराविक वेळाने त्या पत्त्यावर चक्कर मारतो, नवं असेल ते उचलून आणतो आणि तारखेच्या क्रमाने आपल्यापुढे मांडतो. कोणतं वर आणि कोणतं खाली हे आपल्या वतीने ठरवणारा मधला माणूस नाही.

या फाईलच्या साच्याचं नाव आरएसएस (नागपूरशी संबंध नाही). तो मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्मला. करणारे होते रामनाथन गुहा आणि डॅन लिबी. गुहा हे मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी. नेटस्केपने लवकरच या कामातून अंग काढून घेतलं आणि पोरकं झालेलं हे मूल इतरांनी वाढवलं. डेव्ह वायनर यांनी २००२ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आणली. त्याआधी, २००० च्या अखेरीस, दुसऱ्या एका गटाने १.० आवृत्ती काढली होती. त्या गटात आरन स्वार्ट्झ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. दोन गटांत पुष्कळ हमरीतुमरी झाली; तिचा इतिहास आज कंटाळवाणा आहे. साच्यावर कुणाचीच मालकी राहिली नाही, एवढं मात्र त्यातून पक्कं झालं, आणि पुढे तेच कामी आलं.

गूगल रीडर ७ ऑक्टोबर २००५ रोजी आला. कल्पना क्रिस वेदरेल या अभियंत्याची. पहिली आवृत्ती काहीशी विचित्रच होती. सप्टेंबर २००६ मध्ये तिची मांडणी बदलली आणि मग लोकांना तिची चटक लागली. उजव्या हाताच्या बोटाने 'जे' दाबला की पुढचा मजकूर, 'के' दाबला की मागचा, 'एस' दाबला की आवडत्यासाठी चांदणी. माऊसला हातही न लावता दोन-अडीचशे मथळे चहा निवायच्या आत नजरेखालून जात. यंत्र तुमचा हिशेबही ठेवी: अमुक तारखेपासून तुम्ही किती वाचलंत. तो आकडा ३,००,०००+ वर अडे. तिथवर पोचलेले लोक याचा अभिमान बाळगत, जो बाळगण्यासारखा होता की नाही हा प्रश्न वेगळा.

लिहिणाऱ्यांच्या बाजूचं दृश्य त्याहून गमतीचं. गूगल प्रत्येक वाचकासाठी वेगळी चक्कर मारत नसे. एकच दूत सगळ्यांसाठी फाईल घेऊन जाई. जाताना तो संकेतस्थळाच्या नोंदवहीत स्वतःचं नाव आणि आपल्यामागे किती वर्गणीदार आहेत तो आकडा सोडून जाई. ज्याला चाळीस-पन्नास वाचक आहेत अशा ब्लॉगलेखकाला ही वही उघडून बघणं म्हणजे केवढं सुख! मराठी ब्लॉगांच्या बहराचा काळ साधारण हाच. युनिकोड मराठी रुळली होती आणि पुण्या-मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंत लोक हौसेने लिहू लागले होते. लिहिणं अर्थातच लहरीवर. कुणी आठवड्यात तीनदा लिही, कुणी गणपतीत एकदा आणि मग थेट शिमग्याला. अशा लेखकाचं पान रोज उघडून कोण बघणार? रीडरमध्ये मात्र त्याचं नाव मुकाट पडून राही आणि सहा महिन्यांनी का होईना, एक दिवस त्याच्यापुढे (१) उमटे. बेभरवशाच्या लेखकाला भरवशाचा वाचक मिळवून देणारं यंत्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

रीडरमध्ये एक बिनगाजावाजाचं गावही वसलं होतं. आवडलेला मजकूर मित्रांपुढे ठेवता येई, त्यावर दोन ओळींचा शेरा मारता येई. इराणमध्ये या सोयीला वेगळंच मोल आलं. तिथलं सरकार एकेक संकेतस्थळ अडवी, पण रीडरमधला मजकूर गूगलच्या पत्त्यावरून, सांकेतिक जोडणीतून येई. तो अडवायचा तर गूगलच अडवावं लागे. त्यामुळे बंदी असलेलं लिखाण तिथे या वाटेने हातोहात फिरत असे.

मग जून २०११ मध्ये गूगल प्लस आलं. फेसबुकला टक्कर द्यायची तर कंपनीत जे जे म्हणून 'सामाजिक' ते सगळं तिथे न्यायचं, असा हुकूम सुटला. ३१ ऑक्टोबर २०११ रोजी रीडरमधली देवाणघेवाण काढून टाकली आणि त्या जागी गूगल प्लसचं बटण आलं. इराणी वाचकांनी विनवण्या केल्या; उपयोग झाला नाही. माणसं गेल्यावर गावात वर्दळ कशी राहणार? पुढचं दीड वर्ष रीडर कसाबसा तग धरून होता. नावडतीचं मीठ अळणी, तशी गत.

१३ मार्च २०१३ रोजी गूगलचे एक वरिष्ठ अधिकारी उर्स होल्झले यांनी 'वसंतातली साफसफाई' या थाटाचं निवेदन काढलं. दिवाळीआधी माळ्यावरची भांडी काढावीत तशी ती यादी होती: कुठलं तरी नकाशासाठीचं साधन, ब्लॅकबेरीसाठीचं एक अॅप, आणि मधेच रीडर. कारण दिलं ते एवढंच, की निष्ठावंत वाचक असले तरी वापर घटला आहे. आधी खिडक्या काढून घ्यायच्या आणि मग घरात उजेड कमी म्हणून तक्रार करायची, यातला अप्रामाणिकपणा मला आजही खटकतो. वाचकांनी विरोधाच्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या केल्या. निर्णय हलला नाही.

हातात साडेतीन महिने होते. पहिल्या ४८ तासांत पाच लाख लोक फीडली नावाच्या लहानशा कंपनीकडे गेले. फीडली तोवर पडद्यामागे गूगल रीडरच्याच यंत्रणेवर चालत होती, त्यामुळे नवे पाहुणे घेता घेता तिला स्वतःचं घरही बांधावं लागलं. न्यूजब्लर ही सेवा सॅम्युएल क्ले हा एकटा माणूस चालवत होता. गर्दीने तिचा श्वास कोंडला आणि फुकट खाती काही काळ थांबवावी लागली. 'द ओल्ड रीडर' सांभाळणारे तर इतके दमले, की जुलैअखेरीस त्यांनीच गाशा गुंडाळायची घोषणा केली. नवे चालक मिळाले म्हणून ती सेवा वाचली. डिग आणि एओएल या मोठ्या नावांनीही आपापले रीडर घाईघाईने आणले आणि २०१८ मध्ये ते दोन्ही बंद केले.

हे स्थलांतर जमलं ते एका फाईलमुळे. गूगलमधून आपला माल उतरवून घेतला की 'सबस्क्रिप्शन्स' नावाची एक फाईल मिळे. ती ओपीएमएल या साच्यातली, साच्याचे जनक पुन्हा वायनरच. आत काय? फक्त नावं, पत्ते आणि आपण पाडलेले कप्पे. ती दुसऱ्या रीडरला दिली की मिनिटाभरात सगळी यादी तिथे हजर. चांदण्या, शेरे, कुणाकुणाला आपण वाचत होतो त्यांची नावं, हेही वेगळ्या फाइलींतून मिळत होतं, पण ते सगळं भरायला जागा क्वचितच कुणाकडे होती. आणि एक गोष्ट तर उतरवताच येत नव्हती. गूगलने वर्षानुवर्षं आणलेला मजकूर साठवून ठेवला होता. मूळ ब्लॉग पुसला गेला तरी त्याचं लिखाण रीडरमध्ये सापडे. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या दिवसांत त्यातलं जमेल तेवढं उपसलं. बाकीचं गेलं.

फुकटचं ते पौष्टिक, असं आपण म्हणतो. रीडर फुकट होता आणि चांगला होता, म्हणून ब्लॉगलाइन्ससारखे आधीचे रीडर मागे पडले आणि नव्याने फारसं कुणी या धंद्यात उतरेना. गूगलने काढता पाय घेतला तेव्हा मैदान जवळजवळ मोकळं होतं, तो खरा त्रास. आज फीडली, इनोरीडर, फीडबिन, न्यूजब्लर असे अनेक जण आहेत आणि बरेचसे वर्गणीवर चालतात. ज्याला हौस आहे तो फ्रेशआरएसएस स्वतःच्या संगणकावर चालवतो. पॉडकास्ट आजही याच आरएसएसवर फिरतात. वर्डप्रेसवरच्या बहुतेक ब्लॉगांच्या पत्त्याला शेवटी 'फीड' जोडलं की फाईल उघडते. ज्या गूगल प्लससाठी रीडरचा बळी दिला, ते सामान्य वापरासाठी २ एप्रिल २०१९ रोजी बंद झालं. वेदरेल पुढे ट्विटरमध्ये गेले. तिथे त्यांनी रीट्वीटचं बटण बनवलं आणि नंतर त्याचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला.

तुम्ही कोणताही रीडर वापरत असाल, त्याच्या सेटिंगमध्ये ओपीएमएल फाईल उतरवून घ्यायची सोय बहुधा असतेच. फाईल काही किलोबाइटांची असते. ती आजच उतरवा, दर सहा महिन्यांनी नवी करा आणि त्या सेवेच्या बाहेर, आपल्या स्वतःच्या संगणकावर ठेवा. अशी सोय ज्या रीडरमध्ये नाही, तो कितीही देखणा असला तरी घेऊ नका.