विमान घ्यायचंय? आधी तासाचा हिशोब मांडा!

गाडी घेताना घरात एक वाद ठरलेला असतो. नवी घ्यायची की सेकंडहँड? हाच वाद विमानाच्या बाबतीतही आहे. हसू नका! होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली आणि आपल्याकडच्या अनेकांच्या डोक्यात 'पायलट' हा शब्द पक्का बसला. मग छोट्या विमानाचं अर्थकारण ठाऊक असायलाच हवं.

स्वस्त विमानाचं स्वप्न

अमेरिकेने २००४ मध्ये 'लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट' हा वेगळा गट केला. दोन सीट, वजन जास्तीत जास्त ६०० किलो, नियम सोपे. कल्पना अशी, की नवं विमान सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल. सेसना कंपनीने २००७ मध्ये 'स्कायकॅचर' जाहीर केलं, किंमत १ लाख ९ हजार ५०० डॉलर. पुढे ती दीड लाखाच्या घरात गेली. तेवढ्या पैशात जुन्या सेसना १५० चार-पाच आल्या असत्या! गिऱ्हाईक फिरकेना. २०० विमानंसुद्धा खपली नाहीत आणि २०१३ मध्ये गाशा गुंडाळला.

मग जुनंच बरं?

थांबा. जुन्या विमानात किमतीपेक्षा इंजिनाचे तास महत्त्वाचे. छोट्या विमानांच्या बऱ्याच इंजिनांचं साधारण २,००० तासांनी ओव्हरहॉल करावं लागतं. १,९०० तास झालेलं विमान 'स्वस्तात' मिळालं, तर पुढचा खर्च विमानाच्या किमतीइतकाच होऊ शकतो.

इंधनाचंही बघा. चार सीटचं सेसना १७२ तासाला साधारण ३० ते ३५ लिटर पितं, तेही महागडं एव्हगॅस. नव्या हलक्या विमानांतलं रोटॅक्स ९१२ इंजिन १८ ते २० लिटरवर भागवतं आणि साध्या पेट्रोलवरही चालतं. कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. म्हणजे फरक दोन-तीन हजार लिटरचा!

आणि उभ्या विमानालाही खर्च असतोच. समजा हँगर, विमा, तपासणी मिळून वर्षाला सहा लाख लागतात. वर्षाला ५० तास उडालात, तर नुसता हाच खर्च तासाला १२ हजार. तेच विमान सहा जणांत मिळून ३०० तास उडालं, तर २ हजार. नवं की जुनं यापेक्षा 'किती जण, किती तास' हा प्रश्न मोठा आहे.

आपले कॅप्टन अमोल यादव आठवा. अमेरिकेत शिकताना त्यांनी मित्रांसोबत मिळून जुनं छोटं विमान घेतलं होतं. पुढे याच माणसाने कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली.

देशी पर्यायही आहे. बेंगळुरूच्या 'एनएएल'ने बनवलेलं दोन सीटचं 'हंसा' १९९३ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याची नवी आवृत्ती 'हंसा एनजी' २०२१ मध्ये आकाशात झेपावली, तीही रोटॅक्स इंजिनावर. फ्लाइंग क्लबसाठीच ती आखली आहे.

तुमच्या कामाचं काय?

तुम्ही लगेच विमान घेणार नाही, हे कबूल. पण प्रवेश घ्याल, तेव्हा तुमची फी याच हिशोबातून ठरणार आहे. घरचे शेत किंवा फ्लॅट गहाण ठेवून पैसे उभे करतात. म्हणून चकाचक ब्रोशर बाजूला ठेवा आणि थेट विचारा: विमानं किती, त्यातली उडण्याजोगी किती? एका विमानामागे विद्यार्थी किती? गेल्या बॅचला २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले? या विमानावरचे तास लायसन्ससाठी पूर्ण धरतात का? इंधन महागलं तर वाढीव पैसे कोण भरणार?

उत्तरं लेखी घ्या. जिथे ती द्यायला टाळाटाळ होते, तिथे पहिला हप्ता भरू नका.