आधी थांबव, मग बोलू

मार्च 1961. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात सतरा वर्षांची मार्शा लिनेहान दाखल झाली. स्वतःला इजा करणं तिला थांबवता येत नव्हतं. डॉक्टरांनी निदान केलं स्किझोफ्रेनियाचं. मग जबर औषधं, विजेचे झटके, एकांतखोली. तरीही इजा थांबली नाही. सव्वीस महिन्यांनी ती बाहेर पडली. अमेरिकेत तरुण मुलांच्या या दुखण्यावरचे उपचार कसे बदलत गेले, हे पाहताना या मुलीचं नाव पुन्हा पुन्हा समोर येतं.

अशी इजा म्हणजे मरणाची ओढ असंच नाही, हे कळायला मात्र 1961 उजाडायला नको होतं. कान्ससचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी 1938 मध्येच लिहिलं होतं, की पुरता नाश टाळण्यासाठीही माणूस स्वतःला थोडी इजा करून घेतो. वॉर्डांपर्यंत हे पोचायला फार वर्षं गेली. 1980 साली अमेरिकन मनोविकारांच्या अधिकृत यादीत, म्हणजे डीएसएममध्ये, ही कृती ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकाराचं एक लक्षण म्हणून आली. मग हातावर व्रण दिसले की तो शिक्का बसायचा, आणि शिक्क्यामागून ‘लक्ष वेधण्यासाठी करते’ हा शेराही. पुष्कळ ठिकाणी मुलांकडून ‘पुन्हा करणार नाही’ असं लिहून घेतलं जाई. आधी थांबव, मग बोलू, असा एकूण खाक्या.

तो शेरा किती फसवा होता, हे 2006 मध्ये आकड्यांत दिसलं. कॉर्नेलच्या जॅनिस व्हिटलॉक आणि सहकाऱ्यांनी दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं. आयुष्यात कधी ना कधी स्वतःला इजा केलेले 17 टक्के निघाले, आणि त्यांतल्या 36 टक्क्यांबद्दल कुणालाही पत्ता नव्हता. लक्ष वेधायचं तर एवढं लपवायचं कशाला? त्याआधी, 2004 मध्ये, मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन यांनी प्रश्नच बदलला होता: या कृतीने मुलाचं नेमकं कोणतं काम होतं? बहुतेकांचं उत्तर होतं, असह्य भावनेपासून घटकाभर सुटका. काहींना बधिरपणात काहीतरी जाणवून घ्यायचं होतं. मदत मागण्यासाठी किंवा नकोशा प्रसंगातून सुटण्यासाठी करणारेही होते, पण कमी.

दरम्यान लिनेहान सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या होत्या. त्यांची डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, 1991 च्या चाचणीत उपयोगी ठरली आणि 1993 मध्ये पुस्तकरूपाने आली. ब्राँक्समधल्या माँटेफिओरे रुग्णालयात अ‍ॅलेक मिलर, जिल रेथस आणि सहकाऱ्यांनी ती किशोरवयीन मुलांसाठी बेतली.

या उपचारात मूल रोज एका कार्डावर भावना, ऊर्मी आणि कृती यांची नोंद ठेवतं. इजा झाली असेल तर पुढच्या भेटीत त्या दिवसाची साखळी कडी-कडीने मांडायची: रात्री झोप नव्हती, दुपारी मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही, जेवताना बाबा मार्कांवरून बोलले, खोलीचं दार लावलं. कुठल्या कडीला वेगळं काय करता आलं असतं, हे दोघांनी मिळून शोधायचं. मधल्या दिवसांत थेरपिस्टला फोन करता येतो, पण तो इजेच्या आधी. इजा झाल्यावर, जिवाला धोका नसेल तर, चोवीस तास ती सोय बंद असते. मदत मागण्याची वेळ अलीकडे आणायची, हा त्यामागचा हिशेब.

उपचाराच्या गट-बैठकीत आईवडीलही बसतात. ‘तुला आम्ही काय कमी केलं?’ हे वाक्य न्यू जर्सीतल्या मराठी घरातही सहज तोंडून निघतं, आणि मूल गप्प होतं. पालकांना इथे शिकवतात ते एवढंच: मुलाला जे वाटतंय ते आधी मान्य करा, मग उपाय सांगा. मॅसॅच्युसेट्सचे बॅरेंट वॉल्श थेरपिस्टांनाही हेच बजावत आले: आरडाओरडा नको, अति कळवळाही नको, शांत कुतूहल ठेवा.

2011 मध्ये लिनेहान यांनी त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात आपली कहाणी जाहीर सांगितली. 2013 च्या डीएसएममध्ये आत्महत्येचा हेतू नसलेल्या इजेला वेगळी नोंद मिळाली, तीही ‘अजून अभ्यास हवा’ या प्रकरणात. आत्महत्येचा धोका मात्र त्यामुळे नजरेआड करता येत नाही. आज तसा हेतू नसलेल्यांचाही पुढे तो वाढतो, म्हणून दरवेळी विचारावंच लागतं.

2018 मध्ये 173 किशोरांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांच्या उपचारानंतर डीबीटी घेतलेल्यांमध्ये इजा स्पष्टपणे कमी होती. वर्षअखेरीस मात्र साधी आधार देणारी थेरपी घेतलेला गटही सुधारला आणि अंतर घटलं. म्हणजे नीट ऐकून घेणारं माणूस कुठल्याही पद्धतीत कामी येतं, डीबीटीने ते लवकर साधतं. संकटाच्या वेळी मदतीसाठी जुलै 2022 पासून अमेरिकेत 988 वर देशभर चोवीस तास फोन करता येतो. भारतात टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे. फोनने रात्र निभावते, उपचार मात्र महिनोन् महिने चालतात. दर आठवड्याची भेट, पालकांचा गट आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक हे सगळं देणारी केंद्रं मोजकी, आणि अनेक खासगी थेरपिस्ट विमा घेत नाहीत. काय करायचं हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. एवढे थेरपिस्ट तयार कोण करणार आणि त्यांची फी कोण भरणार, हे अजून ठरायचं आहे.