गावकीचा कागद

दख्खनच्या दंग्यांविषयी जे काही छापले गेले आहे ते मिळवून वाचण्याचा छंद मला पुष्कळ वर्षांपासून आहे, आणि त्या वाचनातून दृढ होत गेलेले माझे मत असे, की १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात पेटलेल्या खतावण्यांकडे इतिहासकारांनी जितके लक्ष दिले, तितके त्याआधी पाच महिने शिरूर तालुक्यातील करडे या गावी एकही काडी न ओढता जे घडले त्याकडे दिले नाही. दंगा मोडण्यास फौज पुरते. परंतु न्हाव्याने वस्तरा आणि परटाने मोगरी खाली ठेवली म्हणजे ती कलेक्टराच्या हुकमाने पुन्हा उचलवता येत नाही.

करड्याची हकिकत थोडक्यात अशी. कालूराम नावाचा मारवाडी सावकार तेथे देवघेव करी. बाबासाहेब देशमुख हे त्याच गावचे शेतकरी, पण जन्माने आणि नात्यागोत्याने वजनदार; त्यांच्यावर निरनिराळ्या सावकारांचे मिळून सुमारे हजार रुपयांचे देणे होते. डिसेंबर १८७४ मध्ये कालूरामाने त्यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला, त्याच्या बजावणीत त्यांचे घर आपल्या कबजात घेतले आणि ते पाडण्यास आरंभ केला. आता दीडशे रुपयांची बजावणी त्या काळी शिरूर तालुक्यात नित्याचीच गोष्ट होती, आणि जमिनी तर त्याहून कमी रकमांसाठीही जात; तथापि देशमुखांच्या वाड्याच्या तुळया भर दिवसा उतरवल्या जाताना पाहणे आणि मामलेदार कचेरीच्या दप्तरात एखाद्या सर्वे नंबरापुढचे नाव बदलणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते कालूरामाच्या ध्यानी आले नाही. (१९०८ च्या दिवाणी संहितेचे साठावे कलम शेतकऱ्याचे राहते घर, त्याचे सामान आणि खालची जागा यांना जप्तीपासून स्पष्ट शब्दांत सूट देते. ते कलम वाचताना मला दर वेळी करडे आठवते.)

गावाने त्यावर जे केले त्यात कायद्याने पकडावे असे फारसे काहीच नव्हते. सावकाराची शेते कोणी कसेना, त्याच्या दुकानी कोणी सौदा घेईना, न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुईना, घरकामास व पाण्याला कोणी येईना. ज्या बलुतेदारीच्या आधाराने गावगाडा चाले, तीच सर्वांनी मिळून एका उंबरठ्यापाशी थांबविली. गावात राहणे अशक्य झाल्यावर मारवाड्यांनी पोलिसांच्या बंदोबस्तात शिरूर गाठले. शिरूर म्हणजे घोडनदीची जुनी छावणी. कचेरी तेथे, मुनसफाचे कोर्ट तेथे, स्वार तेथे. सावकाराला अभय देणारे जे जे काही होते ते तालुक्याच्या ठाण्यात होते, करड्यात त्यातले काही नव्हते. कोर्ट मैलोगणती दूर आणि शेजारी मात्र भिंतीला भिंत लावून, या स्थितीचा अर्थ करड्याच्या कुणब्यांना कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाहून अगोदर कळला होता.

दंग्यांची सामान्य कारणे वाचकांना ठाऊकच आहेत, म्हणून ती मी भराभर सांगून पुढे जातो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वाढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले. तीस वर्षांचा जुना बंदोबस्त संपून १८६७ मध्ये इंदापुरापासून नवी जमाबंदी सुरू झाली आणि सारा कोठे निम्म्याने, कोठे दुपटीपर्यंत चढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताचे आयुष्य तीन वर्षांचे केले, तेव्हा ऋणकोच्या हितार्थ केलेल्या त्या तरतुदीचा उपयोग सावकारांनी दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेण्याकडे केला. हे सर्व खरे आहे. परंतु या कारणांनी रयत का पिचली हे कळते. ती एकत्र कशी आली हे त्यांतून कळत नाही, आणि त्याचे उत्तर शोधू लागले की पुन्हा करड्यापाशीच यावे लागते.

सुपे हे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते. भीमेच्या काठची ज्याची तट्टे एके काळी मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती, तोच हा मुलूख, आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग त्यातूनच निघालेला आहे. त्या बुधवारी बाजाराला आलेल्या आसपासच्या खेड्यांतील लोकांनी गुजर वाण्यांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली, एक घर जाळले, डझनभर घरे फोडली, आणि खते, खतावण्या, धान्य, कापड रस्त्यावर आणून पेटवून दिले. तीन दिवसांनी जिल्हा मॅजिस्ट्रेट तेथे पोहोचले तेव्हा राखेचे ढीग तसेच पडून होते. पन्नास माणसे पकडली गेली होती, दोन हजारांचा माल परत मिळाला होता, नुकसानीचा सरकारी अंदाज पंचवीस हजारांवर गेला होता आणि सावकार तो लाखावर सांगत होते. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरील एका गावी प्रमुख मारवाड्याच्या गंजी जाळून घराला आग लावण्यात आली. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसेक गावांत हे लोण पसरले. पूना हॉर्सचे स्वार व पायदळ बाहेर काढावे लागले. नऊशे एक्कावन्न माणसे पकडली गेली व त्यांपैकी पाचशे एक जणांस शिक्षा झाल्या.

या आकड्यांहून मला एक कंडी अधिक महत्त्वाची वाटते. मारवाड्याच्या कर्जात बुडालेल्या एका इंग्रजाने राणीकडे अर्ज केला आणि सावकारांची खते काढून घ्यावीत असा राणीचा हुकूम विलायतेहून सुटला आहे, असे लोक एकमेकांना सांगत होते. म्हणजे खते जाळणारा आपल्या मते सरकारविरुद्ध उठलाच नव्हता. वाटेत कोठे तरी अडकलेला हुकूम तो स्वतःच्या हाताने बजावीत होता. बहुतेक ठिकाणी सावकाराने खते निमूटपणे हवाली केली की जमाव त्याच्या अंगाला हात न लावता परतला, आणि गावातील ब्राह्मण सावकारांना सहसा कोणी उपद्रव दिला नाही, या दोन्ही गोष्टी त्या समजुतीशी ताडून पाहिल्या पाहिजेत. रोष परक्या सावकारावर होता. व्याजाचा दर हा त्याचा एकमेव निकष नव्हता.

आता ज्या कागदासाठी हा लेख मी लिहावयास घेतला त्याकडे वळतो. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने १८७६ मध्ये जो अहवाल तयार केला, त्याच्याबरोबरच्या कागदपत्रांत इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या ग्रामस्थांनी आपसांत केलेल्या एका करारपत्राचे भाषांतर आहे. गुजरांची जमीन जो कसील किंवा त्यांची चाकरी जो धरील, त्याचे न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार आदी बलुतेदारांनी काम करू नये. तो जातीच्या पंगतीला बसणार नाही. त्याच्याशी सोयरीक होणार नाही. सर्वांच्या संमतीवाचून त्याला परत घेतले जाणार नाही आणि घेतलेच तर दंड भरून जातीला जेवण घालावे लागेल, असा त्याचा आशय आहे. महार आणि मांग यांनाही या करारात बांधून घेतलेले आहे: त्यांनी उलट वर्तन केल्यास त्यांची गावाकडून चालणारी प्राप्ती बंद व्हावयाची होती.

हा कागद सावकाराविरुद्ध आहे असे आपण म्हणतो. परंतु त्याची कलमे ज्याच्यावर रोखलेली आहेत तो माणूस सावकार नव्हे. तो आहे गावातलाच एखादा कुणबी, ज्याच्यापाशी बैल आहेत पण पेरायला जमीन उरलेली नाही, आणि जो आपलेच गेलेले शेत गुजराचे कूळ म्हणून कसण्यास तयार होईल. एकजूट फुटते ती अशा अडलेल्या माणसापाशी, हे लिहिणाराला पक्के ठाऊक होते, आणि म्हणून साऱ्या कराराचा भार त्याने त्याच्याच डोक्यावर ठेवला. महार-मांगांची गोष्ट तर याहून कठीण. कुणब्याची जमीन जात होती. त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी जमीन अशी फारशी नव्हतीच, आणि कुणब्याच्या लढ्यात सामील न होण्याची किंमत मात्र त्यांनी भाकरीने भरावयाची होती. ज्या हत्याराने करड्याने कालूरामाला महिन्यांत हतबल केले, तेच हत्यार त्याच गावांतून पुढच्या शतकात पाणवठ्यावर हक्क सांगणाऱ्या अस्पृश्यांवर चालविले गेले, हे विसरून करड्याचे कौतुक करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तरीही कौतुक मी करतो. न्यायासनाने पाठीशी घातलेल्या एका अन्यायाला शेजाऱ्यांनी केवळ असहकाराने निष्प्रभ केल्याचे इतके स्वच्छ उदाहरण या मुलखात दुसरे मला आढळलेले नाही.

सरकारने त्यातून काय घेतले? १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत कर्जापायी कैद बंद केली, खताच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार व कर्तव्य न्यायाधीशावर टाकले, आणि दावा लावण्यापूर्वी तंटा समेट करणाऱ्या सलोखेदाराकडे नेण्याची पद्धत घातली. याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे काम केले. हे सलोखेदार सरकारने नेमलेले होते. करड्याच्या पंक्तीत बसणारे ते नव्हते, आणि त्यांचे न ऐकणाराचे पाणी कोणी तोडणार नव्हते. कायद्याने गावकीचे काम घेतले, तिचा धाक घेतला नाही. तो घ्यावयास नकोच होता असेही माझे मत आहे.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये केलेला आणि जुलै २०१७ पासून अमलात असलेला कायदा मी या करारपत्राशेजारी ठेवून वाचला. व्यक्तीने, जमावाने वा जातपंचायतीने आपल्याच समाजातील माणसाला समारंभांपासून, विवाहसंबंधांपासून, व्यवहारांपासून तोडणे हा त्याअन्वये अपराध असून, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलेले आहेत. कळसच्या कागदाला तो लावून पाहिला तर गुजराला वाळीत टाकणारा भाग बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहील, कारण गुजर त्या समाजाचा नव्हे. आणि गुजराचे शेत कसणाऱ्या कुणब्याला पंगतीतून उठविणारा भाग मात्र थेट त्याच्या कक्षेत येईल.